‘नंतर’ आणि ‘शिवाय’

माझा व्यवसाय काय, हे माझ्या सासूबाईंनी शेजारच्या काकूंना एका वाक्यात सांगून टाकलं होतं, "आमची सून कॉम्प्युटर उठवते." काकूंना वाटलं, मी कुठेतरी हमाली करते. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या कमरेसाठी तेल आणून दिलं.

तेल कामाला आलं, पण वाक्य सासूबाईंचंच खरं होतं. सव्वीस वर्षं मी नाशकात लोकांचे सर्व्हर उठवले. सातपूर-अंबडचे कारखाने, दोन शाळा, तीन दवाखाने. यंदा थांबले. गेटवरच्या वॉचमनने "साहेब मागून येतायत का?" असं विचारायचं, आणि मी "साहेब मीच" असं सांगायचं, हा संवाद आता कानावर पडत नाही, याची थोडी चुटपुट लागते. थोडीच.

सर्व्हर म्हणजे कोपऱ्यात घुं घुं करणारी ती पेटी, जिच्यावर कुणीतरी हमखास चहाचा कप ठेवतं. माझ्या पेट्यांवर लिनक्स असायचं. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर जसं विंडोज असतं, तशीच ही दुसरी प्रणाली, फुकट मिळते आणि वर्षानुवर्षं कुरकूर न करता चालते. बटण दाबल्यापासून पेटी पूर्ण जागी होईपर्यंत दीडेक मिनिट जातं. तेवढ्यात आत शे-दीडशे कामं होतात, आणि त्यातली साठवणीची कामं ठरल्या क्रमानेच व्हावी लागतात. आधी डिस्क सापडायला हव्यात. दोन डिस्क जोडून एक मोठी जागा केली असेल, तर ती जोडणी व्हायला हवी. तिच्यावर कुलूप असेल तर ते उघडायला हवं. मग ती जागा एका ठरलेल्या फोल्डरवर नेऊन बसवायची, याला आम्ही माउंट करणं म्हणतो. आणि एवढं सगळं झालं, की तिथे लिहिणारा-वाचणारा प्रोग्राम चालू करायचा. कुणी कुणाची वाट बघायची, हे एका फाइलीत लिहून ठेवणं हे माझं काम. क्रम बरोबर लागला की मी कुणाला आठवायची नाही. चुकला की गणपतीच्या आरतीतूनसुद्धा मला बाहेर बोलवायचे.

सातपूरला बाटल्यांची झाकणं बनवणारे एक शेठ होते. त्यांना कुणीतरी सांगितलं की मशीनचं तोंड ईशान्येला हवं. शेठनी मला न विचारता सर्व्हर उचलला, सगळ्या वायरी काढल्या, तोंड फिरवलं आणि वायरी परत खोचल्या. जिथे बसतील तिथे. आता लिनक्सची त्या काळची एक खोड अशी, की डिस्क ज्या क्रमाने हाक देतील त्या क्रमाने त्यांना नावं मिळायची. पहिलीला ‘ए’, दुसरीला ‘बी’. मी फाइलीत लिहून ठेवलं होतं, ‘बी’ डिस्क ड्रॉइंगच्या फोल्डरवर बसव. वायरी फिरल्यावर भलतीच डिस्क ‘बी’ झाली. तिच्यावर शेठच्या मुलाच्या लग्नाचे फोटो होते.

मला फोन आला तो शॉप फ्लोअरवरच्या सुपरवायझरचा. "मॅडम, अठ्ठावीस मिलिमीटरचं झाकण उघडलं तर नवरदेव निघतोय."

"कुठला नवरदेव?"

"आपले छोटे शेठ. हळद लागतेय त्यांना."

मी जाऊन बघते तर सगळे ऑपरेटर पडद्याभोवती जमलेले, आणि मोल्डिंग मशीन थंड. त्या दिवशी मी शिकले, की डिस्कला नावाने हाक मारायची नाही. प्रत्येक डिस्कवर जागा तयार करताना एक लांबलचक क्रमांक लिहिला जातो, तो सहसा बदलत नाही. वायरी कशाही खोचा, क्रमांकावरून डिस्क ओळखू येते. मी फाइलीत तो क्रमांक लिहिला आणि काम तासाभरात संपलं. शेठनी मात्र सगळ्यांना सांगितलं की ईशान्येचा गुण यायला जरा वेळ लागतो.

त्यानंतर मी स्वतःला या विषयातली मोठी तज्ज्ञ समजायला लागले. हे इथे कबूल करते, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही.

गावातल्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयाचा सर्व्हर माझ्याकडे होता. तिथे पेठ, हरसूल भागातून मोतीबिंदूचे पेशंट गाडीने आणतात. पहिल्या दिवशी डोळ्याचं माप घेतात, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. माप घ्यायचं ते आत कुठल्या नंबरची लेन्स बसवायची हे ठरवायला. एकाची लेन्स दुसऱ्याला चालत नाही. चुकीची बसली तर डोळा उघडा असून धूसर, आणि ती बदलणं म्हणजे पुन्हा डोळा उघडणं. माप घेणारं मशीन आकडे माझ्या सर्व्हरवर पाठवायचं. ऑपरेशनच्या वेळी पेशंटचा नंबर टाकला की चिठ्ठी निघायची. डोळा डावा की उजवा, लेन्स कितीची.

चिठ्ठीवर नावही छापलं जायचं, पण त्या प्रिंटरला मराठी अक्षरं येत नव्हती. नावाच्या जागी चौकोन यायचे. तिथले सर्जन डॉक्टर, मोठे मिश्कील गृहस्थ, म्हणायचे, "मॅडम, आमच्याकडे सगळे चौकोने आडनावाचे पेशंट येतात, एकाच घराण्यातले दिसतात." मी म्हणायचे, "नंतर बघते." असं मी दोन वर्षं म्हणत होते. लोक नंबरावरून काम चालवत होते आणि चालत होतं.

ऑपरेशन थिएटरच्या दारात ताराबाई असायच्या. दिंडोरीकडच्या, पन्नाशीच्या, पदर खोचलेल्या. त्यांच्या हातात पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ. ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्या डोळ्याच्या वर, कपाळावर, त्या पट्टी लावायच्या आणि तिच्यावर पेनाने नाव अन् गाव लिहायच्या. सर्व्हर आला तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, "आता कशाला हे? सगळं मशीनमध्ये आहे." त्या म्हणाल्या, "आसू द्या. मशीन तुमचं, कपाळ माझं." त्यांची पट्टी चालूच राहिली. मला ते थोडं अडाणीपणाचं वाटायचं.

तर एका मंगळवारी अकराच्या सुमारास डॉक्टरांचा फोन. मागे गलका. त्यांनी स्पीकर चालू केला होता.

"मॅडम, हरसूलची सात नंबरची पेशंट टेबलावर घ्यायचीय. चिठ्ठी म्हणते डावा डोळा. मावशींची पट्टी उजव्यावर आहे. मावशी दार सोडत नाहीत."

मागून ताराबाईंचा आवाज आला, "केस पेपर पण उजवाच म्हंतो! मी बघून लावलीय पट्टी!"

आणि मी काय म्हणाले असेन? सव्वीस वर्षांची पुण्याई एका दमात घालवणारं वाक्य म्हणाले. "डॉक्टर, पट्टी चुकली असेल. मशीन कशाला चुकेल? तुमचा खोळंबा नको, सर्व्हर एकदा बंद करून चालू करा आणि पुढे जा."

डॉक्टर पुढे गेले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी सर्व्हर मात्र बंद करून चालू केला. पाच मिनिटांत पुन्हा फोन. "आता सात नंबरची चिठ्ठी म्हणते उजवा डोळा, आणि लेन्सचा नंबरही वेगळा. कुठली खरी?"

मी काही बोलायच्या आत माप घेणाऱ्या टेक्निशियनने फोन ओढून घेतला. "मॅडम, सकाळपासून पेठच्या बावीस जणांची मापं घेतली, ती सगळी गायब झाली!"

"मग पुन्हा बंद-चालू करा," डॉक्टर मागून म्हणाले. त्यांनाही आता नाद लागला होता. केलं. पेठ परत आलं. हरसूल गेलं.

"मॅडम," डॉक्टर फार शांत आवाजात म्हणाले, "तुमचा सर्व्हर एका वेळी एकच तालुका दाखवतोय. तुम्ही या."

स्कूटर काढली. सीबीएस बस स्टँडच्या सिग्नलला उभी असताना माझ्या लक्षात आलं. एकाच नंबरच्या दोन चिठ्ठ्या म्हणजे कुठेतरी दोन वह्या तयार झाल्या होत्या, आणि दोन्ही एकपासून सुरू होत होत्या.

थिएटरबाहेरच्या बाकावर सात नंबरची पेशंट बसली होती. सोमीबाई, हरसूलजवळच्या पाड्यावरची, सत्तरीची, हिरवा गाऊन, कपाळावर पट्टी. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिचा डावा डोळा लहानपणीच गेलाय. उजवा एवढाच आहे. म्हणून हिला पहिली घेणार होतो." पहिल्या चिठ्ठीवरची लेन्स पेठच्या एका म्हाताऱ्या बाबाच्या डाव्या डोळ्याची होती. ‘डावा’ ही छपाईची चूक धरली असती, तर तीच या बाईच्या एकुलत्या एक डोळ्यात गेली असती, आणि माझा सल्ला ‘पुढे जा’ असा होता.

सोबत सोमीबाईची लेक होती. ती म्हणाली, "बाई, आज व्हईल ना वो? परवा आमची टोळी द्राक्षाच्या कामाला जायाची हाय. मंग हिला आणाया कोनी नाय उन्हाळ्यापर्यंत."

"आजच होईल," मी म्हटलं. कुठल्या जोरावर म्हटलं ते विचारू नका.

सर्व्हर ठेवला होता कपाटाशेजारच्या खोपच्यात. समोर स्टुलावर बसले आणि पहिली आज्ञा दिली, काय काय माउंट झालंय ते दाखव. यादीत मापांची जागा नव्हतीच. दोन डिस्क जोडून ती जागा केली होती. त्यातली एक जुनी झाली होती आणि थंड असली की फिरायला वेळ घ्यायची, कधी उठायची, कधी नाही. सकाळी आठला वीज गेली, परत आली, सर्व्हर आपोआप उठला, आणि डिस्क उठली नाही. जोडणी झाली नाही, कुलूप उघडलं नाही, जागा बसली नाही. आणि प्रोग्राम? तो मात्र वेळेवर कामाला लागला. त्याला मापांचं फोल्डर रिकामं दिसलं. नवीन दवाखाना उघडलाय असं समजून त्याने एक नंबरपासून वही सुरू केली आणि पेठचे बावीस जण तिच्यात लिहिले. डिस्क ज्या वेळी उठे, त्या वेळी हरसूलची जुनी वही त्याच फोल्डरवर येऊन बसे. जमिनीवर कागद ठेवून वर सतरंजी अंथरावी, तसं. पेठचे बावीस जण कुठे गेले नव्हते, सतरंजीखाली होते.

"सापडलं," मी ओरडले. खोपच्याच्या दारात ताराबाई उभ्या होत्या. थिएटर बंद म्हणून त्यांनाही काम नव्हतं.

"काय झालतं?" त्यांनी विचारलं.

मी जरा वकिली केली. "मी सगळं बरोबर लिहिलं होतं हो, मावशी. स्पष्ट लिहिलं होतं, डिस्क आल्यानंतर प्रोग्राम चालू कर. हे बघा, ही ओळ. आफ्टर म्हणजे नंतर."

"नंतर म्हनला व्हता?"

"हो."

"मग झालं तर," ताराबाई म्हणाल्या. "आवो, मी पन आधी आसंच म्हनायची. थेंब घातल्यानंतर आत या. एक दिवस थेंबवाली सिस्टर सुट्टीवर. ह्या लोकांनी वाट बघितली बघितली, आन् आले की आत, थेंब न घालताच! मी म्हनलं, आरं थेंब? तर म्हंत्यात, त्याची येळ झाली, म्हनून त्याच्यानंतर आलो. तवापासून मी नंतर म्हनत नाय. थेंबाशिवाय आत नाय, आसं म्हंते."

माझ्या विद्येत अगदी हेच लिहिलेलं आहे. आफ्टर म्हणजे फक्त क्रम. आधीच्याचा विषय संपेपर्यंत थांब, मग तो येवो वा न येवो, तू ये. ‘त्याच्याशिवाय येऊच नको’ यासाठी वेगळा शब्द आहे, रिक्वायर्स. तो मी लिहिला नव्हता. माहीत नव्हता असं नाही, मी दुसऱ्यांना शिकवलाय तो. शिवाय मी आणखी एक शहाणपणा केला होता. पूर्वी एकदा ही डिस्क रुसली तेव्हा सर्व्हर उठण्याच्या मध्येच अडकून बसला होता आणि मला रविवारी यावं लागलं होतं. म्हणून मी लिहून ठेवलं होतं, डिस्क नाही आली तरी अडू नको. माझा रविवार वाचावा म्हणून.

पुढचं काम सांगण्यात फार मजा नाही. पेठच्या बावीस जणांची वही बाजूला काढली, डिस्क जागी करून जागा बसवली आणि त्यांना हरसूलच्या पुढचे नंबर दिले. खात्री करायला मात्र माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हा पेठचे बावीस जण ओळीने उभे केले. ताराबाईंनी प्रत्येकाचा डोळा आणि केस पेपर बघून नाव, गाव, डावा-उजवा वाचला आणि मी पडद्यावर जुळवत गेले. बाविसाव्या बाबांनी विचारलं, "ह्ये काय, जनगनना हाय का?" आम्ही हो म्हटलं.

मग ती एक ओळ लिहिली. डिस्कशिवाय प्रोग्राम नाही. डिस्कला उठायला दोन मिनिटं जास्त दिली आणि नवी डिस्क मागवायला सांगितलं. आता तपासणी. मी डॉक्टरांना बोलावलं, सर्व्हर बंद केला, त्या डिस्कची वायर मुद्दाम काढली आणि चालू केला. पडद्यावर लाल अक्षरं आली. मापांचा प्रोग्राम चालू होऊ शकत नाही.

"झालं दुरुस्त," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बंद पडलाय."

"तेच तर. आधी बिघडलं तरी चालू राहायचा. आता बिघडला की बंद पडणार."

"म्हणजे सकाळपासून चालू होता तेव्हा बिघडलेला होता, आणि आता बंद आहे तेव्हा चांगला आहे."

"बरोबर."

"मॅडम, तुमच्या घरच्यांचं कसं होत असेल हो?" ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

वायर लावली, सर्व्हर व्यवस्थित उठला. तरी सोमीबाईचं माप डॉक्टरांनी मशीनवर पुन्हा घ्यायला लावलं. हरसूलच्या वहीतल्या आकड्याशी जुळलं. अडीच वाजता ताराबाईंनी पट्टीकडे बघितलं, चिठ्ठीकडे बघितलं, आणि दारातून बाजूला झाल्या. मी तिथेच बसून प्रिंटरमध्ये मराठी अक्षरं घातली. दोन वर्षं नंतर बघते म्हणत होते त्या कामाला वीस मिनिटं लागली. पहिलीच चिठ्ठी आली ‘सोमीबाई’ म्हणून. ती मी उगाच दोनदा छापली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांवरच्या पट्ट्या सोडतात. मला बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. रात्रभर एकच विचार होता, की दार अडवायला ताराबाई नसत्या तर. व्हरांड्यात हरसूलची मंडळी ओळीने बसली होती. डॉक्टरांनी सोमीबाईच्या डोळ्यावरची पट्टी काढली, डोळा पुसला, बोटं धरली. "किती?"

"तीन." मग तिने स्वतःहून सांगितलं, "आन् तुजं नख वाढलंय."

सगळे हसले. डॉक्टरांनी नखाकडे बघितलं, हातमोज्याच्या आतून दिसत नव्हतं खरं तर, पण लेक रडायला लागली होती, त्यामुळे त्यावर कुणी चर्चा केली नाही. मी जवळ गेले. कबुली दिल्याशिवाय जायचं नाही, असं ठरवून आले होते. "आजी, काल तुमचा खोळंबा झाला ना, ती मशीनची चूक नव्हती. माझी होती. माझा एक शब्द लिहायचा राहिला होता. तुमच्या डोळ्यात दुसऱ्याची लेन्स जाणार होती. आणि तुमच्या कपाळावरची पट्टी चुकली असेल, असंही मीच म्हणाले होते."

तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. घाई नव्हती तिला. "मंग चूक दिसली कोनाला? तुला?"

"नाही. ताराबाईंना."

"मंग तिला सांग. माला काय सांगतेस?"

ताराबाई पलीकडे उभ्या होत्या, हातात रीळ. व्हरांड्यात डॉक्टर, दोन सिस्टर, टेक्निशियन, हरसूलचे सगळे आणि मागे पेठचे बावीस जण. सव्वीस वर्षांत चुका पुष्कळ केल्या होत्या आणि त्या नेहमी वीज, वायर किंवा प्रिंटरच्या नावावर खपवल्या होत्या. एवढ्या लोकांपुढे उभं राहून चूक माझी, असं कधी म्हटलं नव्हतं. पण म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मावशी, चूक माझी होती. तुमची पट्टी बरोबर होती. मी न बघता तुम्हाला खोटं पाडलं. माफ करा."

ताराबाईंनी दातांनी पट्टीचा तुकडा तोडला.

"बरं, बरं," त्या म्हणाल्या. "आता बाजूला व्हा. पेठवाले खोळंबल्यात."